तर्कक्षमतेचे प्रश्न : वाच्यार्थाशी थांबण्याची शिस्त

४.१ प्रास्ताविक



मराठी विषय घेऊन बी.ए. पूर्ण करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या मनात पदवीनंतरच्या दोन वाटा असतात. एक तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची, दुसरी बी.एड.ची. महाराष्ट्रात या दोन्ही वाटांच्या तोंडाशी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी उभी आहे. विधी सीईटीत तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचा स्वतंत्र विभाग असतो. बी.एड.च्या सीईटीत बौद्धिक क्षमतेच्या नावाखाली याच जातीचे प्रश्न येतात. जे पुढे एम.ए. करून राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसतील, त्यांना प्रथम प्रश्नपत्रिकेत तर्कविचार भेटतो आणि तेथे तर भारतीय तर्कशास्त्रातील प्रमाणे, व्याप्ती व हेत्वाभास यांचाही अभ्यासक्रमात समावेश आहे.

या विभागाचे नाव काढताच भाषेचे विद्यार्थी बिचकतात. गणित सुटून दहा-पंधरा वर्षे झाली, आता हे कसे जमणार, असा सूर असतो. या भीतीला फारसा आधार नाही. संख्यामाला आणि सांकेतिक भाषा यांचे काही प्रश्न वगळले, तर या विभागात गणित जवळजवळ नसते. दिलेले वाक्य नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढेच तेथे विचारलेले असते. हा वाचनाचा प्रश्न आहे.

मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक वेगळाच धोका असतो आणि तो आधीच ओळखलेला बरा. साहित्यशास्त्राच्या अभ्यासात तुम्ही अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती अभ्यासल्या आहेत. ‘सूर्य मावळला’ या एका वाक्यातून गुराख्याला घरी परतण्याची, तर उपासकाला संध्यावंदनाची सूचना मिळते. शब्दांच्या पलीकडचे हे ऐकू येणे म्हणजे रसिकता, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. तर्कक्षमतेच्या प्रश्नात मात्र व्यंजनेला प्रवेश नाही. तेथे फक्त वाच्यार्थ चालतो. तीन वर्षे ज्या सवयीची मशागत केली, ती सवय दीड-दोन तासांपुरती दाराबाहेर ठेवावी लागते. गुण बहुधा जातात ते या एका ठिकाणी, बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे.

४.२ ‘काही’, ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’

व्यवहारात कोणी म्हणाले, “काही शिक्षक कवी असतात”, तर ऐकणारा मनात जोड देतो की काही शिक्षक कवी नसतात. बोलणाऱ्याला सर्व म्हणायचे असते तर तो ‘सर्व’ म्हणाला असता, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब संभाषणाचा आहे, वाक्याचा नव्हे. तर्कशास्त्रात ‘काही’ याचा अर्थ ‘निदान एक’ एवढाच. ते ‘सर्व’ला नाकारत नाही. म्हणून ‘काही शिक्षक कवी आहेत’ या विधानावरून ‘काही शिक्षक कवी नाहीत’ हा निष्कर्ष निघत नाही. तो खरा असू शकेल, पण दिलेल्या विधानातून तो आलेला नसेल. पर्यायांमध्ये हा निष्कर्ष वारंवार ठेवलेला आढळतो, कारण तो अगदी स्वाभाविक वाटतो.

नकाराच्या बाबतीत मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : एकही विद्यार्थी आला नाही, किंवा काही आले व काही आले नाहीत. बोलताना ‘सगळे’वर आघात दिला की दुसरा अर्थ कळतो. छापील किंवा पडद्यावरच्या वाक्याला आघात नसतो. त्यामुळे चांगला प्रश्नकर्ता ‘एकही विद्यार्थी आला नाही’ किंवा ‘कोणताही क हा ख नाही’ अशी निःसंदिग्ध रचना वापरतो. पण भाषांतरित प्रश्नपत्रिकेत ‘सर्व क हे ख नाहीत’ अशी रचना कधीकधी येतेच. अशा वेळी इंग्रजी मजकूर उपलब्ध असेल तर तो पाहावा. नसेल, तर दोन्ही अर्थांमध्ये जे समान आहे तेवढेच हाती धरावे : निदान काही क हे ख नाहीत. एवढे खात्रीने म्हणता येते.

४.३ ‘च’ या अक्षराची किंमत

मराठीतले सर्वांत लहान आणि या परीक्षेत सर्वांत महाग पडणारे अव्यय म्हणजे ‘च’. पुढील दोन वाक्ये वाचा.

प्रवेशपत्र असेल तर आत सोडतील.
प्रवेशपत्र असेल तरच आत सोडतील.

पहिल्या वाक्यात प्रवेशपत्र असणे पुरेसे आहे. ते दाखवले की आत जाता येते. प्रवेशपत्र नसलेल्याचे काय, यावर हे वाक्य गप्प आहे. कदाचित ओळखपत्रावरही सोडत असतील. दुसऱ्या वाक्यात प्रवेशपत्र असणे आवश्यक आहे. जो आत गेला त्याच्याकडे ते होतेच. पण ते असूनही एखाद्याला उशीर झाल्यामुळे परत पाठवले असेल, आणि तसे झाले तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. म्हणजे एका अक्षराने विधानाची दिशा उलटली. पहिल्यात आपण प्रवेशपत्राकडून प्रवेशाकडे जातो, दुसऱ्यात प्रवेशाकडून प्रवेशपत्राकडे. ‘प्रवेशपत्राशिवाय प्रवेश नाही’, ‘प्रवेशपत्र असल्याखेरीज सोडणार नाहीत’ या रचना दुसऱ्या वाक्याच्याच सावत्र बहिणी आहेत. त्या दिसताच मनात ‘तरच’ असे वाचावे.

‘फक्त’ची गोष्टही हीच. ‘तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला फक्त पदवीधरांनाच प्रवेश मिळतो’ या वाक्याचा अर्थ ‘ज्यांना प्रवेश मिळतो ते सर्व पदवीधर असतात’ एवढाच आहे. ‘सर्व पदवीधरांना प्रवेश मिळतो’ असा तो नाही. वस्तुस्थितीही तशीच आहे, कारण खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुणांची अट असते.

हा फरक तुमच्या दृष्टीने केवळ सरावापुरता नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील पाचव्या नियमात पात्रतेविषयी दोन वाक्ये आहेत. त्यांचा आशय असा. एक : दूरस्थ किंवा पत्रद्वारा पद्धतीने शिकून बारावी किंवा पहिली पदवी मिळवलेले अर्जदारही पात्र मानले जातील. दोन : त्या शिक्षणासाठी लागणारी मूलभूत पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठ पद्धतीने बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवलेले अर्जदार पात्र नाहीत. घाईने वाचणारे यातून दोन चुकीचे निष्कर्ष काढतात. काहींना वाटते की मुक्त विद्यापीठाचा कोणताही पदवीधर वकील होऊ शकत नाही. इतरांना वाटते की दूरस्थ पदवी चालते म्हणजे सर्वांचीच चालते. दुसऱ्या वाक्यातील ‘मूलभूत पात्रता नसताना’ आणि ‘थेट’ हे शब्द वगळून वाचले की असे होते. रीतसर दहावी-बारावी होऊन आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्याला ते वाक्य लागू होत नाही. बारावी न करता, पूर्वतयारीच्या मार्गाने पदवीला आलेल्या विद्यार्थ्याने मात्र परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी हा नियम आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्द न् शब्द वाचावी. येथे चुकीच्या वाचनाने एखादा गुण नव्हे, वर्ष जाऊ शकते.

४.४ दोन विधाने आणि निष्कर्ष

आता या विभागातील सर्वांत परिचित प्रकाराकडे वळू. दोन विधाने दिलेली असतात, खाली दोन निष्कर्ष असतात आणि कोणता निष्कर्ष निष्पन्न होतो हे विचारलेले असते.

विधाने : सर्व ओव्या पद्यरचना आहेत. काही पद्यरचना गेय आहेत.
निष्कर्ष : काही ओव्या गेय आहेत.

मराठीचा विद्यार्थी येथे क्षणाचाही विचार न करता होकार देतो. जात्यावरच्या ओव्या गायिल्या जातात हे त्याला पाठ आहे. पण तसे विचारलेलेच नाही. वरील दोन विधानांतून हा निष्कर्ष निघतो का, एवढेच विचारले आहे आणि तो निघत नाही. तपासून पाहा. पद्यरचनांचे एक मोठे वर्तुळ काढा. त्याच्या आत ओव्यांचे लहान वर्तुळ काढा. आता गेय रचनांचे वर्तुळ असे काढा की ते मोठ्या वर्तुळाला छेदेल, पण लहान वर्तुळाला स्पर्शही करणार नाही. हे चित्र दोन्ही विधानांशी सुसंगत आहे आणि त्यात एकही ओवी गेय नाही. असे एक चित्र काढता आले की निष्कर्ष बाद झाला.

याच्या उलट प्रकार पाहा. ‘सर्व कवी वैद्य आहेत. केशवसुत कवी आहेत. म्हणून केशवसुत वैद्य आहेत.’ केशवसुत शिक्षक होते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि पहिले विधान तर उघडच असत्य आहे. तरीही निष्कर्ष विधानांतून अचूक निघतो. प्रश्नाच्या सूचनेत ‘दिलेली विधाने सत्य मानून’ असे जे लिहिलेले असते, ते शोभेसाठी नसते. सत्यता आणि युक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेतल्या प्रश्नाला युक्ततेशी कर्तव्य असते.

वर्तुळांची ही रीत जुनी आहे. स्विस गणितज्ञ ऑयलर याने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांतून ती समजावून दिली. ती पत्रे १७६८ पासून प्रसिद्ध झाली. पुढे १८८० मध्ये इंग्लंडच्या जॉन व्हेन याने तिला अधिक काटेकोर रूप दिले. परीक्षेत ऑयलरची साधी वर्तुळे पुरतात, पण ती वापरण्याची दिशा बरोबर हवी. बहुतेक विद्यार्थी निष्कर्ष खरा ठरेल असे चित्र काढतात आणि ते काढता आले की समाधान पावतात. असे चित्र जवळजवळ नेहमीच काढता येते, म्हणून त्याने काही सिद्ध होत नाही. तुम्ही निष्कर्ष खोटा पाडणारे चित्र काढण्याचा प्रयत्न करा. विधाने न मोडता तसे चित्र निघाले, तर निष्कर्ष बाद. कितीही प्रयत्न करून निघत नसेल, तर निष्कर्ष निष्पन्न होतो.

पर्यायांमध्ये ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ असा एक पर्याय असतो आणि तो अनेकांना गोंधळात टाकतो. वरील ओव्यांच्या उदाहरणात ‘काही ओव्या गेय आहेत’ आणि ‘एकही ओवी गेय नाही’ असे दोन निष्कर्ष दिले असते, तर? स्वतंत्रपणे दोन्ही निघत नाहीत. परंतु दोन्हींपैकी एक खरा असलाच पाहिजे, तिसरी शक्यता नाही. अशी परस्परांना छेद देणारी जोडी दिसली आणि दोन्ही निष्कर्ष एकेकटे निघत नसले, तरच हा पर्याय निवडावा. आणखी एक बारीक गोष्ट : ‘सर्व क हे ख आहेत’ यावरून ‘काही क हे ख आहेत’ असे म्हणता येते का, याबद्दल पारंपरिक आणि आधुनिक तर्कशास्त्रात मतभेद आहे. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांच्या सरावात ते म्हणता येते असे धरण्याची प्रथा आहे. तुम्हीही तसेच धरावे.

४.५ जर-तर आणि धूर-अग्नी

जर-तरच्या विधानांसाठी पाश्चात्त्य पुस्तकांकडे धाव घेण्याचे कारण नाही. न्यायशास्त्रातील पर्वतावरचा धूर आपल्या ओळखीचा आहे. ‘जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो’ ही व्याप्ती. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे हे अनुमान योग्य. याच व्याप्तीची दुसरी बाजू म्हणजे व्यतिरेक : जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे तळे. ही बाजूही योग्यच.

आता उलट जाऊन पाहा. अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे? नैयायिकांनी याला तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देऊन उत्तर दिले. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होण्यासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओल्या सरपणाचा संयोगही लागतो. या जास्तीच्या अटीला ते उपाधी म्हणतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातील छोट्या पाठ्यग्रंथात हा सारा विचार विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात मांडलेला आहे. परीक्षेत जर-तरचे विधान आले की त्यावर धूर-अग्नी बसवून पाहावे. ‘जर’चा भाग म्हणजे धूर, ‘तर’चा भाग म्हणजे अग्नी. धूर आहे, तर अग्नी आहे. अग्नी नाही, तर धूर नाही. एवढी दोनच अनुमाने खरी. ‘अग्नी आहे’ किंवा ‘धूर नाही’ एवढेच कळले, तर काहीही सांगता येत नाही.

हे वाचताना सोपे वाटते. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेले कोडे सोडवून पाहा. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर व दुसऱ्या बाजूला संख्या आहे. तुम्हाला वरच्या बाजू दिसतात : अ, क, ४, ७. नियम असा सांगितला आहे की, पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटणे आवश्यक आहे? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर लिहून ठेवा.

बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ निवडतात. योग्य उत्तर ‘अ’ आणि ‘७’ हे आहे. ‘४’च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागे स्वरच असावा असे नियम म्हणत नाही. ‘७’च्या मागे स्वर निघाला, तर मात्र नियम मोडला. सुशिक्षित माणसेही येथे मोठ्या संख्येने चुकतात. परंतु पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी याच कोड्याला मद्यपानाच्या किमान वयाच्या नियमाचे रूप दिले, तेव्हा बहुसंख्य लोकांनी ते बरोबर सोडवले. तर्क तोच होता, फक्त ओळखीच्या व्यवहारात बसवलेला.

यातून एक उपयोगी युक्ती मिळते. क, ख, ग अशा अक्षरांचा जर-तर डोक्यात बसत नसेल, तर त्याच्या जागी मतदानाचा नियम ठेवा : ‘मतदान केले असेल, तर वय १८ पूर्ण असते.’ चार माणसे समोर आहेत. एकाने मतदान केले, एकाने केले नाही, एक ३० वर्षांचा, एक १६ वर्षांचा. कोणाची चौकशी कराल? मतदान केलेल्याचे वय विचाराल आणि सोळा वर्षांच्याने मतदान केले का ते पाहाल. तीस वर्षांच्या माणसाला कोणी अडवत नाही. येथे कोणाचाच गोंधळ होत नाही.

४.६ न बोललेले गृहीतक

‘विधान आणि गृहीतक’ या प्रकारात व्यंजना थोडीशी परत आल्यासारखी वाटते, कारण येथे वाक्यात न लिहिलेले शोधायचे असते. पण सूचित होणारे सगळे गृहीतक नसते. ज्याच्यावाचून विधान उभे राहू शकत नाही, तेवढेच गृहीतक. कसोटी सोपी आहे : सुचवलेले गृहीतक नाकारून पाहावे आणि विधान कोसळते का ते पाहावे.

समजा, विधान असे आहे : ‘नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना लाभ व्हावा यासाठी ग्रंथालय रात्री ९ पर्यंत उघडे ठेवावे.’ पहिले सुचवलेले गृहीतक : नोकरी करणाऱ्या निदान काही विद्यार्थ्यांना संध्याकाळनंतर ग्रंथालयात येणे शक्य आहे. दुसरे : बहुतेक विद्यार्थी नोकरी करतात. पहिले नाकारा, म्हणजे त्यांच्यापैकी कोणालाच संध्याकाळी येता येत नाही असे समजा. सूचनेला अर्थच उरत नाही. दुसरे नाकारा. नोकरी करणारे थोडेच असले, तरी त्यांच्यासाठी वेळ वाढवण्याची सूचना करता येते. म्हणून फक्त पहिले गृहीतक अंतर्भूत आहे. दुसरे तुमच्या अनुभवाला पटते, आणि म्हणूनच ते तेथे ठेवलेले असते.

सबळ आणि दुर्बळ युक्तिवादांच्या प्रश्नांना हीच दृष्टी पुरते. त्यांच्यावर वेगळा वेळ घालवू नये.

४.७ मांडणीचे प्रश्न आणि नातेसंबंध

मांडणीच्या प्रश्नांत अटी कोणत्या क्रमाने वापराव्यात, हेच खरे कौशल्य असते. एक उदाहरण सोडवू. सोमवार ते शुक्रवार रोज एक याप्रमाणे कादंबरी, कविता, नाटक, निबंध आणि लोकसाहित्य या विषयांवर व्याख्याने आहेत. अटी : कवितेचे व्याख्यान नाटकाच्या लगेच दुसऱ्या दिवशी आहे. निबंधाचे व्याख्यान सोमवारी किंवा शुक्रवारी आहे. कादंबरीचे व्याख्यान बुधवारी आहे. लोकसाहित्याचे व्याख्यान निबंधाच्या आधी केव्हातरी आहे.

अटी दिलेल्या क्रमानेच वापराव्यात असा नियम नाही. जी अट जागा पक्की करते ती प्रथम घ्यावी : कादंबरी बुधवारी. आता नाटक-कविता ही जोडी सलग हवी, म्हणून ती सोमवार-मंगळवार किंवा गुरुवार-शुक्रवार येथेच बसेल. निबंधाच्या आधी लोकसाहित्य हवे, मग निबंध सोमवारी असू शकत नाही. तो शुक्रवारी. शुक्रवार गेल्यामुळे जोडी सोमवार-मंगळवारी आली आणि लोकसाहित्याला गुरुवार उरला. कोठेही अंदाज करावा लागला नाही. ‘लगेच’ आणि ‘केव्हातरी’ या दोन शब्दांखाली मात्र रेघ ओढावी. चौथ्या अटीतील ‘केव्हातरी’ला ‘लगेच’ समजणारा याच उत्तरावर येईल, पण ते केवळ योगायोगाने. पुढच्या प्रश्नात तोच विद्यार्थी फसेल.

नातेसंबंधांच्या प्रश्नांत मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. काका, मामा, आत्या, मावशी, दीर, मेहुणा, साडू : आपल्या शब्दांतच आईची बाजू की वडिलांची, रक्ताचे नाते की लग्नाचे, हे सांगितलेले असते. इंग्रजीत यांपैकी कित्येक नात्यांना मिळून एकच शब्द आहे. त्यामुळे भाषांतरकाराने ‘अंकल’चे ‘काका’ केले असेल, तर मूळ प्रश्नात नसलेली माहिती मराठीत शिरते. उत्तर जुळत नसेल तर हे कारण तपासावे. बाकी, कागदावर पिढ्यांचे टप्पे एकाखाली एक मांडले की हे प्रश्न लवकर सुटतात.

विधी आणि बी.एड.च्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तरी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ते पाहून घ्यावे. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. दीर्घ मांडणीचा प्रश्न अडला, तर पर्याय निवडून खूण करून पुढे जावे आणि वेळ उरल्यास परत यावे.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. विधाने : एकही लावणी अभंग नाही. काही अभंग गेय आहेत. निष्कर्ष : (अ) काही गेय रचना लावण्या नाहीत. (आ) काही लावण्या गेय नाहीत. कोणता निष्कर्ष निष्पन्न होतो?

२. ‘संपर्क सत्र रविवारी असेल तर सुमन उपस्थित राहते.’ सुमन आजच्या सत्राला उपस्थित आहे. आज रविवार आहे असे म्हणता येईल काय?

३. ‘फक्त नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांनाच पुस्तके मिळतात.’ नोंदणी करूनही आनंदला पुस्तके मिळाली नाहीत. विधान खोटे ठरले काय?

४. विधान : ‘बसभाडे वाढवले तर या मार्गावरील प्रवासी रेल्वेकडे वळतील, म्हणून भाडेवाढ करू नये.’ गृहीतके : (अ) या मार्गावर रेल्वेचा पर्याय उपलब्ध आहे. (आ) रेल्वे नेहमीच बसपेक्षा स्वस्त असते. कोणते गृहीतक अंतर्भूत आहे?

५. ४.७ मधील व्याख्यानांच्या उदाहरणातून चौथी अट काढून टाकली, तर किती वेळापत्रके संभवतात? त्या सर्वांमध्ये लोकसाहित्याविषयी काय निश्चितपणे म्हणता येईल?

उत्तरे व विवरण

१. फक्त (अ). जे अभंग गेय आहेत ते लावण्या नाहीत, म्हणून निदान तेवढ्या गेय रचना लावण्या नाहीत. (आ) खोटा पाडणारे चित्र सहज निघते : लावण्यांचे संपूर्ण वर्तुळ गेय रचनांच्या आत काढा.

२. नाही. ‘तर’चा भाग खरा आहे, म्हणजे अग्नी दिसला. त्यावरून धूर ठरत नाही. ती इतर दिवशीही उपस्थित राहत असेल. वाक्यात ‘असेल तरच’ असते, तर उत्तर ‘होय’ असे आले असते.

३. नाही. नोंदणी आवश्यक आहे, ती पुरेशी आहे असे विधान म्हणत नाही. नोंदणी न केलेल्या कोणाला पुस्तके मिळाली असती, तर विधान खोटे ठरले असते. आनंदची तक्रार रास्त असू शकेल, पण ती या वाक्याविरुद्ध नाही.

४. फक्त (अ). रेल्वे उपलब्ध नसेल तर प्रवासी तिकडे वळणार नाहीत आणि विधान कोसळेल. (आ) मधील ‘नेहमीच’ अनावश्यक आहे. भाडेवाढीनंतर रेल्वे सोयीची ठरली तरी विधानाला पुरते.

५. दोन. पहिले : निबंध, लोकसाहित्य, कादंबरी, नाटक, कविता. दुसरे : नाटक, कविता, कादंबरी, लोकसाहित्य, निबंध. दोन्हींमध्ये लोकसाहित्याचे व्याख्यान निबंध आणि कादंबरी यांच्या मधल्या दिवशी येते. ते मंगळवारी की गुरुवारी, हे मात्र ठरवता येत नाही. म्हणून ‘लोकसाहित्य गुरुवारी आहे’ हा पर्याय ‘शक्य’ या प्रश्नाला चालेल, ‘निश्चित’ या प्रश्नाला चालणार नाही.